पहिली फेरी

रावजीशेठच्या मोटार सर्व्हिसचा एक रिवाज होता. नवी गाडी आली की तिची पहिली फेरी ती चालवणाऱ्याच्या बायकापोरांची. मालेगावची लॉरी असो की वणीची बस, शेठ स्वतः दार उघडून त्यांना आत बसवायचा. "आपली मान्सं मागं बसली ना, का ड्रायव्हरचं डोकं आपसूक जाग्यावर येतं," असं तो म्हणायचा. गाडी निवडण्याचा मानही त्याच ड्रायव्हरचा. निवडीत खोट निघाली तर आधी कोणाला भोवणार, हे त्यातच आलं. शेठ स्वतः दुसऱ्या फेरीला बसायचा. रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा होता, म्हणून या रिवाजात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

मग शेठच्या डोक्यात पाणी शिरलं. देवळालीच्या छावणीतले साहेबलोक दारणेच्या धरणावर बदकं मारायला जात, त्यांना फिरवायला म्हणून त्याला एक बोट हवी झाली. मुंबईच्या एजंटानं दोन बोटी लॉरीवर घालून धरणावर आणल्या आणि निवड करायला शेठनं सलाउद्दीनला उभं केलं. सलाउद्दीन म्हणजे सर्व्हिसचा जुना, नावाजलेला ड्रायव्हर. कसाऱ्याच्या घाटात ब्रेक गेलेली लॉरी त्यानं डोंगराला घासत घासत थांबवली होती. त्या लॉरीचे किस्से सगळं नाशिक सांगे. पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की हा बहाद्दर भिऊन मागं फिरतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोलासुद्धा नाही. पोहता तर येतच नव्हतं.

एक बोट रुंद होती, जाड फळ्यांची, म्हशीसारखी पाण्यात बसलेली. दुसरी अरुंद, पातळ, आणि पाठीमागे बाहेरच्या अंगाला जडसं इंजिन टांगलेली. तिला मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक होतं. उजव्या हाताशी वेगाचा दांडा होता. एजंटानं सलाउद्दीनला शेजारी बसवून तो दांडा पुढं रेटला, तशी बोट तोंड वर करून पाण्यातून अर्धी बाहेरच आली आणि फाडफाड आपटत सुटली.

"एक ध्यानात ठेवा," एजंट ओरडून सांगत होता, "हिला ब्रेक नाही. वेग हळूहळू सोडायचा. एकदम सोडलात, तर आपलीच लाट मागून आत येते. आणि इंजिन ओढत नसलं की चाक फिरवून बोट वळत नाही."

सलाउद्दीननं मान डोलावली. त्याच्या कानात एक अक्षर शिरलं नव्हतं. तो कलमा म्हणत होता.

तो काठावर उतरला. शेठ, सगळे ड्रायव्हर, दोन-चार गावकरी, सगळे त्याच्याकडंच बघत होते.

"काय भाई," पुंजा ड्रायव्हर हसून म्हणाला, "त्वांड का पांढरं पडलं? भ्याला का काय?"

सगळे हसले. तिथल्या तिथं 'हो' म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसाला नेमकं नको त्या वेळी वाटतं.

"ही पातळच घ्या, शेठ," तो छाती काढून म्हणाला. "ती दुसरी म्हणजे बैलगाडी आहे."

"बेस!" शेठ म्हणाला. "मग उद्या सकाळी घरच्यांना घिऊन ये."

सलाउद्दीनला रिवाज आठवला तो तेव्हा. तोंडातून शब्द निघून गेला होता.

घरी मेहरुन्निसानं बातमी ऐकली आणि ट्रंकेतून सात वर्षांच्या ताहेराचा ईदचा फ्रॉक काढला. सलाउद्दीन भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसताच बसला होता. आता सांगू, ताहेरा उठली की सांगू, असं करता करता भाकरी वाळून गेली.

"पाणी खोल आहे का हो?" मेहरुन्निसानं विचारलं.

"आहे थोडं."

"तुम्हीच चालवणार ना?"

"हो."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि फ्रॉकची गुंडी शिवू लागली. त्यानं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

सकाळी वारा पडलेला होता. शेठनं हात धरून मायलेकींना मागच्या फळीवर बसवलं, इंजिनाच्या अगदी पुढं. एजंटानं दोरी ओढून इंजिन सुरू करून दिलं. सलाउद्दीननं चाक धरलं. तळव्यांना एवढा घाम सुटला होता की चाक हातातून निसटत होतं.

सावकाश जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण काठावरून पुंजा ओरडला, "आरं, बैलगाडी हाय का काय ती?" आणि सलाउद्दीनच्या हातानं दांडा रेटला. बोटीनं तोंड वर केलं. पुढं आभाळाशिवाय काही दिसेना. मागून ताहेरा हसत असल्याचं ऐकू येत होतं, आणि ते हसू ऐकून त्याला जास्तच भीती वाटत होती. ही उलटली तर मी कोणाला धरणार? मीच दगडासारखा बुडणार. मग पोरगी कोणाच्या नावानं हाका मारील?

तोंड खाली आलं आणि समोर झाड दिसलं. धरणात बुडालेली कोणती तरी जुनी बाभूळ, काळ्या वाळक्या फांद्या पाण्याबाहेर काढून सरळ वाटेत उभी.

सलाउद्दीननं ब्रेक दाबला. म्हणजे जोरानं पाय आपटला, पायाखाली फळी होती. मग दांडा खटकन मागं ओढला आणि चाक गरगर फिरवलं. बोट वळली नाही. ती दमल्यासारखी खाली बसली, आणि मागून त्यांची स्वतःचीच लाट उठून मायलेकींच्या अंगावर कोसळली. इंजिन गचकन बंद पडलं. ताहेराचं हसू बंद झालं.

"ताहेरा!" त्यानं मागं वळून पाहिलं. मेहरुन्निसानं पोरीला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं होतं. दोघी नखशिखांत भिजल्या होत्या. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. बोट आडवी होऊन बाभळीला करकरत घासली. त्यानं एक फांदी पकडली आणि डोळे मिटून घेतले.

"पाणी उपसा!" मेहरुन्निसा ओरडली. तो हलला नाही. मग तिनंच पोरीला मांडीत दाबून जेवणाच्या डब्यानं पाणी उपसायला सुरुवात केली. पुष्कळ वेळ डब्याचा आवाज तेवढा होत राहिला.

"आता सोडा ती फांदी," ती अखेर म्हणाली.

"सुटत नाही."

ती रांगत पुढं आली आणि तिनं त्याची बोटं एकेक करून उलगडली. काट्यांनी तळवा फाटला होता.

बोटीत एक वल्हं होतं. कसंबसं मारत त्यानं पलीकडचा जवळचा काठ गाठला. मेहरुन्निसा पोरीला घेऊन चिखलात उतरली आणि पदर पिळू लागली.

"इंजिन वाळलं की निघू," तो म्हणाला.

"आम्ही चालत येतो."

"अगं, तीन कोसांचा वळसा आहे."

"असू दे."

तेव्हा त्याच्या तोंडून निघालं. "मला कालही भीती वाटत होती. मला पाण्याची फार भीती वाटते, मेहरू. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

तिच्या हातातला पदर सुटला.

"मला चढतानाच भीती वाटत होती," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही निवडली आहे, तुम्हाला नाही वाटत, तर मी कशाला बोलू. त्या भरवशावर मी हिला मांडीवर घेतलं." तिनं ताहेराच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्या लाजेपायी माझी पोरगी बुडाली असती."

तिनं ताहेराला कडेवर घेतलं आणि चालू लागली. वळून पाहिलं नाही.

पुष्कळदा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं. सलाउद्दीन माणूस चालेल त्या चालीनं परत आला. सगळं पाणी त्याला एकट्यानं ओलांडावं लागलं, आणि भीती तसूभरही कमी झाली नाही.

"घरची मान्सं कुठं?" काठावरून शेठनं विचारलं.

"चालत येताहेत."

शेठ काय ते समजला. एजंटाकडं वळून म्हणाला, "ही न्या परत. ती रुंदच ठिवा." मग सलाउद्दीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हाय का नाय रिवाज कामाचा? उद्या तिची पहिली फेरी. घिऊन ये त्यांना."

पुंजा बघत होता. सगळेच बघत होते.

"नाही शेठ," सलाउद्दीन म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता आणि त्यानं तो लपवला नाही. "मला पाण्याची भीती वाटते. काल खोटं बोललो. माझी माणसं आता कुठल्याच पहिल्या फेरीला बसणार नाहीत. तुम्ही बसा, मी चालवतो."

कोणी हसलं नाही. शेठनं तोंड उघडलं, पाण्याकडं पाहिलं, आणि धोतराचा सोगा सावरत दोन पावलं मागं सरला.

सलाउद्दीन उत्तराला थांबला नाही. काठाकाठानं चालत सुटला. त्या दोघी त्याला करवंदीच्या जाळीपाशी भेटल्या. पोरगी आईच्या खांद्यावर झोपली होती, फ्रॉक अजून ओलाच होता.

"शेठला सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"भीती वाटते म्हणून."

"एकट्याला?"

"सगळ्यांसमोर. पुंजापण होता."

मेहरुन्निसा त्याच्या जवळ आली. मग झोपलेल्या ताहेराला तिनं त्याच्या खांद्यावर दिलं आणि त्याचा फाटलेला हात पोरीच्या पाठीवर नीट टेकवला.

"घट्ट धरा," ती म्हणाली.