पुदिन्याच्या वासाचं व्रत

काही माणसं वाईट सवय सोडतात, आणि काही माणसं सवय सोडल्याची फक्त दवंडी पिटतात. राडोम शहरात आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणारी इर्मिना दुसऱ्या जातीची. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही सगळेच काही ना काही सोडतो. कुणी गोड सोडतं, कुणी दारू. ह्या उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, डोक्यावर राख घेऊन इर्मिना चर्चमधून परतली आणि जिन्यातच ओरडून सांगू लागली, "चाळीस दिवस सिगारेटला हात लावणार नाही! माझ्या रिशार्दच्या छातीसाठी!"

रिशार्द तिचा नवरा, बसचा ड्रायव्हर. जानेवारीत त्याचं अर्धं फुफ्फुस काढलं होतं. तंबाखूच्या जवळपासही फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि बिचाऱ्याने तीस वर्षांची सिगारेट एका दिवसात सोडली होती. शेजाऱ्यांना इर्मिनाचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं, खोटं का बोलू?

पण खरी गोष्ट वेगळीच होती. इर्मिना जन्मभर मेंथॉलवाली, पुदिन्याच्या वासाचीच सिगारेट ओढायची. दोन वर्षांपूर्वी सरकारने मेंथॉल सिगारेट बंद केली, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखी रडली. मग बाजारातल्या एका चकचकीत टपरीवरच्या हसऱ्या मुलीने तिच्या हातात पेनाएवढं यंत्र आणि त्यात खोचायच्या तंबाखूच्या कांड्या ठेवल्या. "बाई, ही सिगारेट नाहीच! ह्यात काही जळत नाही, नुसतं तापतं. खास तुमच्यासारख्या मेंथॉलवाल्यांसाठी आणलंय." काय ही चलाखी! सरकारने पुढचं दार लावलं, तर ह्या लोकांनी तोच पुदिना मागच्या दाराने आत आणला. आणि आमची इर्मिना भाळली.

पूर्वी ती निदान बाल्कनीत जाऊन ओढायची. आता "सिगारेट नाही" म्हटल्यावर आडकाठी कसली? सूप ढवळताना, कपडे इस्त्री करताना, नवऱ्याच्या उशाशी बसूनसुद्धा! एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय.

घरात तिची सासू होती, लेओकादिया. वय एक्क्याऐंशी, पण जीभ विळ्यासारखी. एका शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर तिने सुनेला गाठलंच.

"काय गं, व्रत चालू आहे ना?"

"चालू आहे, आई. एक सिगारेट ओढली असेल तर शपथ!"

"मग तोंडात काय आहे? थर्मामीटर?"

"ह्याला धूर नाही, राख नाही. तुम्हाला नवीन काही कळतच नाही."

"मला जुनं कळतं. आज मला हेरिंग मासा का वाढलास? डुकराचं सॉसेज का नाही?"

"आई, उपवासाच्या शुक्रवारी मांस चालतं का?"

"तळलेलं नाही चालत. तू उकडून दे. नुसतं तापवलेलं!"

रिशार्दला हसू आलं आणि हसता हसता तो खोकू लागला. खोकला थांबेना. लेओकादिया त्याची पाठ चोळत म्हणाली, "उकडलं तरी डुक्कर ते डुक्करच. तंबाखूचंही तसंच आहे, बाई. देवाला फसवायला निघालीस आणि त्याच्याआधी स्वतः फसलीस."

इर्मिना भडकली. "तुमचा मुलगा तीस वर्षं ओढत होता, तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?"

म्हातारी मुलाची पाठ चोळतच राहिली. मग म्हणाली, "तेव्हा बोलले नाही. म्हणून तर आता बोलते."

पण पालथ्या घड्यावर पाणी! उलट इर्मिना मुद्दाम सासूसमोरच ते यंत्र तोंडात धरू लागली.

व्रताच्या तिसऱ्या रविवारी कोंबडीचं सूप वाढून झालं होतं. रिशार्दने वाटी बाजूला सारली आणि बायकोपुढे हात पसरला.

"मला दे एक."

"काय?"

"तुझ्या त्या यंत्राची कांडी. एवढे दिवस हा पुदिना माझ्या नाकात जातोय, इर्मिना. झोपेतही तेच दिसतं. मला आता सहन होत नाही. दे."

"वेडा झालास का? नाही!"

"का नाही?"

"तुझी छाती! डॉक्टर काय म्हणाले, विसरलास?"

"डॉक्टरांनी तंबाखूला नको म्हटलंय. हा तंबाखू नाही ना? तूच सांगतेस सगळ्यांना."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत भिकाऱ्यासारखी लाचारी होती. इर्मिनाने सासूकडे पाहिलं. एरवी तोफेसारखी धडधडणारी म्हातारी आज मुलाकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आहे," इर्मिना पुटपुटली. मग किंचाळलीच, "तंबाखूच आहे हा! अरे देवा, ज्याच्या छातीसाठी व्रत धरलं, त्यालाच मी पुन्हा ह्या खाईत लोटत होते!"

तिने उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मार्चची थंडी आत घुसली. लेओकादियाने मुलाच्या खांद्यावर शाल टाकली. इर्मिनाने त्याचा तो पसरलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मी उद्या पुन्हा मागितलं तर?" त्याने विचारलं.

"तर उद्याही नाहीच म्हणेन. आणि मी मागितलं, तर तू नाही म्हण."

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली आणि सवय सोडायचं औषध मागितलं. सोपं नव्हतं. आठवडाभर घरात भांडी आदळत होती. पण ईस्टरच्या सकाळी रिवाजाप्रमाणे एक अंडं सगळ्यांत वाटून एकमेकांना शुभेच्छा देताना तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, "माझं व्रत खोटं होतं. माझे चाळीस दिवस अजून भरायचेत."

मित्रहो, मेंथॉल गेलं म्हणून तापवलेला तंबाखू धरणं म्हणजे सवय सोडणं नव्हे, आणि विष थोडं कमी असलं म्हणून ते औषध होत नाही. उद्या तुमच्याही हातात एखादी हसरी मुलगी तसलं यंत्र ठेवेल आणि म्हणेल, ही सिगारेट नाहीच. तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: माझ्या घरच्या आजारी माणसाने हात पसरला, तर हे मी त्याच्या हातावर ठेवीन का?