मास्तरांचा हिरवा कागद

क्लबात मास्तरांचं काडीचंही चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या माळ्यापासून क्लबच्या अध्यक्षांपर्यंत सगळे ते सांगत, आणि मास्तर स्वतः तर इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला त्यांची दया यावी. फुटबॉलच्या संघाला शिकवणाऱ्या माणसाला दर वर्षी विचारायचं, की कोणता खेळाडू घ्यायचा आणि कोणता सोडायचा, आणि मग बरोबर त्याच्या उलट करायचं, याहून मोठी मानहानी ती कोणती? मास्तर सुस्कारा सोडत, चहा पीत आणि मनातल्या मनात खूश असत. कारण त्या क्लबात चालत होतं ते फक्त मास्तरांचंच.

हे कसं जमलं ते मुळापासून सांगायला हवं. अध्यक्षांचा रंगाचा कारखाना होता आणि न खपलेला रंग क्लबच्या वाट्याला येत असे. त्यामुळे कपडे बदलायची खोली जांभळी, पायऱ्या पोपटी आणि अध्यक्षांची स्वतःची खोली अशा रंगाची होती, की त्याला नाव द्यायला कारखान्यातसुद्धा कुणी धजावलं नव्हतं. धंद्यात त्यांना इतक्या जणांनी टोप्या घातल्या होत्या, की कुणी एखाद्या गोष्टीची तारीफ केली की त्यांना आधी दलालीचा वास यायचा. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा महिना आला की ते मास्तरांपुढे हिरवे कागद ठेवत. एका खेळाडूला एक कागद. वर नाव, खाली तीन चौकोन, हवा, नको आणि चालेल, आणि त्याखाली कारणांसाठी चार ओळी.

पहिल्या वर्षी मास्तरांनी भोळेपणाने मनातलं लिहिलं. त्यांना एक चपळ स्ट्रायकर हवा होता. त्याच्या कागदावर त्यांनी 'हवा'वर खूण केली आणि चार ओळींच्या आठ ओळी केल्या. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, की हा पोरगा तुमच्या नात्यातला का. तो स्ट्रायकर दुसऱ्याच क्लबाने उचलला आणि त्याने वर्षभर गोलांमागून गोल केले. इकडे जो आला, त्याच्या कागदावर मास्तरांनी 'नको' लिहिलं होतं. चेंडू जवळ आला की तो बाजूला सरून त्याला वाट करून द्यायचा.

मास्तर घरी येऊन बायकोजवळ कुरकुरले. ती खिडकीच्या काचा पुसत होती. हातातलं फडकं न थांबवता ती म्हणाली, "मामंजींना मी वीस वर्षं कसं सांभाळलं? मला खिडकी उघडी हवी असली की मी म्हणायचे, राहू द्या बंदच, तुम्हाला वारा बाधेल. की ते उठून स्वतःच्या हातांनी उघडायचे."

पुढच्या वर्षापासून मास्तरांनी कागद उलटे भरायला घेतले. जो हवा त्याला 'नको', जो नको त्याला 'हवा'. पहिला नंबर लागला तो एका ताडमाड बचावपटूचा. अठ्ठाविशीचा गडी, एक गुडघा आधीच दुखावलेला. पण तो मैदानात नुसता उभा राहिला तरी बाकीचे दहा जण आपापल्या जागेवर येत. मास्तर त्याला बघून हरखले आणि टेबलापाशी बसून त्यांनी लिहिलं, 'नको. गुडघा कच्चा. स्वभाव तापट.' आठवड्याच्या आत तो बॅग घेऊन हजर झाला, आणि वर्षाच्या आत कप्तान झाला.

नवा खेळाडू मास्तरांना 'सर' म्हणायचा. एखाद-दोन वर्षांनी जीव जडला की 'मास्तर' म्हणायला लागायचा, अशी त्या क्लबात रीतच होती. कप्तान तिसऱ्याच दिवशी मास्तर म्हणाला. सराव संपला की दोघं बुटांच्या खोलीत बसत आणि बाटल्यांची झाकणं टेबलावर मांडून पुढचा सामना आधीच खेळून घेत. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा जीव होता तो या गड्यावर. आणि दर वर्षी कुणाला ठेवायचं याचे कागद आले, की ते त्याच्या कागदावर 'नको' लिहीत, आणि अध्यक्ष तितक्याच जिद्दीने त्याला ठेवून घेत.

संघ दोन पायऱ्या वर चढला. अध्यक्ष वर्तमानपत्रवाल्यांना सांगत, की प्रशिक्षकांचा विरोध पत्करून मी ही माणसं निवडली. शेजारी उभे असलेले मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत राहत. ते गिळणं सोपं नव्हतं. सत्ता हातात आली तरी माणसाचं भागत नाही. ती आपल्या हातात आहे हे चारचौघांना कळावं असंही वाटतं. एकदा तरी कुणी म्हणावं की मास्तरांची नजर पारखी आहे, एवढीच त्यांची हाव होती. बायको म्हणायची, खिडकी उघडली ना, मग झालं तर.

सातव्या वर्षी अध्यक्षांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी त्यांना कारखाना आणि फुटबॉल या दोन्हींची बंदी केली आणि खुर्चीवर त्यांची मुलगी बसली. तिला सगळे ताई म्हणत. कारखान्यात ती रंगाचा प्रत्येक घाणा तपासायची आणि तिच्या सहीशिवाय एक डबाही बाहेर पडत नसे. आल्या आल्या तिने बापाची खोली पांढरी करून घेतली, यावरूनच लोकांनी ओळखलं की बाई सरळ आहे.

त्याच सुमाराला दूरच्या एका क्लबाने कप्तानाला मागणी घातली. कप्तान आता तेहतिशीचा होता. त्याची बायको इथल्या शाळेत शिकवत होती, आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि त्याला शेवटची दोन वर्षं इथेच खेळून बूट उतरवायचे होते. तो मास्तरांकडे आला. मास्तरांनी त्याला शब्द दिला, "तू बूट काढशील ते याच खोलीत. बाकीचं माझ्याकडे लागलं."

ताईने हिरवे कागद स्वतः आणून दिले. ती म्हणाली, की बाबांसारखी माणसांवर संशय घेत बसायची मला सवय नाही. मनात असेल तेच लिहा, मी शब्दन् शब्द वाचेन. मास्तरांना भरून आलं. सहा वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते कप्तानाच्या कागदावर 'हवा'वर ठसठशीत खूण करायला बसले, तेव्हा बायकोने हटकलं. "अहो, आधी तिला मागचं सगळं सांगून टाका. मग काय लिहायचं ते लिहा."

मास्तर म्हणाले की कशाला जुनी मढी उकरायची. नवी राजवट आहे, नवी सुरुवात करू. खरं म्हणजे त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त घाई झाली होती. आपलं नाव घेऊन आपलं मत मान्य व्हावं, याची ते सहा वर्षं वाट बघत होते. त्यांनी चार ओळींच्या बारा ओळी केल्या.

चार दिवसांनी ताईने त्यांना बोलावलं. पांढऱ्या खोलीत टेबलावर गेल्या सहा वर्षांच्या फायली होत्या आणि त्यांच्यावर एक तक्ता होता. ताई शब्दाची पक्की निघाली. तिने खरोखरच शब्दन् शब्द वाचला होता. नुसता या वर्षीचा नव्हे, पहिल्यापासूनचा. ज्याला मास्तरांनी 'हवा' म्हटलं, तो खेळाडू नंतर जिथे गेला तिथे आपटला होता. ज्याला 'नको' म्हटलं, त्याने क्लबला वर नेलं होतं. पहिल्या वर्षी तेवढं मास्तरांचं बरोबर आलं होतं, पण ते नशीब म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"मास्तर, राग मानू नका," ती म्हणाली, "पण एवढं चुकणं नाणं उडवून ठरवणाऱ्यालाही जमत नाही."

दूरच्या क्लबाशी कप्तानाचा करार सकाळीच झाला होता. तो चालला होता.

मग मास्तरांनी सगळं ओकून टाकलं. अध्यक्षांचा संशयी स्वभाव, उलटे भरलेले कागद, बायकोची खिडकी, काहीही शिल्लक ठेवलं नाही. ताईने ते शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया होती, आणि तीच मास्तरांना जास्त झोंबली. ती म्हणाली, कप्तानासाठी तुम्ही काहीतरी कराल हे मला माहीत होतं, पण अशी गोष्ट रचून स्वतःच्या सचोटीवर पाणी सोडाल असं वाटलं नव्हतं. आणि समजा, पाच वर्षं तुम्ही खोटं लिहीत होतात, तर सातव्या वर्षी खरं लिहिलंत यावर मी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? त्यांच्या जागी दुसरा कुणी असता, तर मास्तरांनीही त्याला हाच प्रश्न विचारला असता.

वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणून तिने त्यांच्यापुढे तीन वर्षांचा नवा करार ठेवला. "आमच्याकडे एक वजनकाटा आहे. दर वेळी बरोबर अर्धा किलो जास्त दाखवतो. नवा आणला तरी मी तो काढू दिला नाही. कुठे आणि किती चुकतो हे माहीत असलं, की त्याच्यासारखा खात्रीचा काटा नाही."

मास्तरांनी सही केली. दुसरं काय करणार?

क्लबचा एक नियम होता, अध्यक्षांनी कपाटात जागा व्हावी म्हणून केलेला. जाणाऱ्या खेळाडूला त्याची फाईल देऊन टाकायची. कप्तान निघायच्या दिवशी बुटांच्या खोलीत आला तेव्हा ती त्याच्या काखेत होती. टेबलावर झाकणं तशीच मांडलेली होती. त्याने फाईल उघडली आणि एकेक हिरवा कागद उलटला. नको, नको, नको, नको, नको. अक्षर मास्तरांचं. शेवटी एकच हवा.

"पाच वर्षं मी तुम्हाला नको होतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही एका शब्दाने जाणवू दिलं नाहीत. निघायच्या वेळी दया आली तुम्हाला, तेवढंही पुष्कळ आहे."

मास्तर म्हणाले, "अरे, ते उलटं होतं. तुला ठेवण्यासाठीच मी नको लिहायचो."

कप्तान हसला. फार थकलेलं हसू होतं ते. तो म्हणाला, की मास्तर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, उगाच प्रयत्न करू नका. पाच वर्षं सगळ्या क्लबाला फसवलेल्या माणसाला तो हे सांगत होता. मास्तर झाकणं गोळा करत राहिले. कप्तान गेला.

हंगामाच्या मध्यापर्यंत संघाने अकरा सामन्यांत सत्तावीस गोल खाल्ले. तिकडे दूरच्या क्लबाने कप्तानाला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि ते त्याला परत द्यायला तयार होते. ताईने हिरवा कागद पाठवला. सोबत चिठ्ठी होती, की तुमचं मत माझ्यासाठी फार मोलाचं आहे. या वेळी कारणं सविस्तर लिहा.

मास्तर कागद घेऊन दोन दिवस बसले. फाईल देण्याच्या त्याच नियमाप्रमाणे परत येताना कप्तान स्वतःची फाईल जमा करणार आणि हा नवा कागद तिच्यात स्वतःच्या हाताने लावणार, हे त्यांना ठाऊक होतं. गुळमुळीत लिहून चाललं नसतं. कच्च्या विरोधाने ताईची खात्री पटली नसती. बायकोने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी 'नको'वर खूण केली आणि खाली लिहिलं, 'गुडघा संपला आहे. संघात फूट पाडतो. हा माणूस मला माझ्या मैदानावर दिसायला नको.' शेवटचं वाक्य लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण त्यांनी ते पूर्ण केलं, कारण एवढं वाचल्यावर ताई एक दिवसही थांबणार नाही, हे ते जाणून होते.

ती थांबली नाही. सोमवारी सही झाली आणि गुरुवारी कप्तान सरावाला आला. इकडे बायकोची शाळा होती, आईची खोली होती, त्याला यायचंच होतं. त्या आठवड्यात संघाने एकही गोल खाल्ला नाही. ताईने वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, की प्रशिक्षकांचा विरोध पत्करून मी हा निर्णय घेतला. मास्तरांनी बुटांकडे बघितलं.

सराव संपल्यावर ते बुटांच्या खोलीत गेले आणि त्यांनी टेबलावर झाकणं मांडली. बऱ्याच वेळाने कप्तान आला. तो दारातच उभा राहिला.

"गुडघा ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं होतंत म्हणून सांगायला आलो, सर."