दोघींतली एक

"बायको एकच लिहिता येते, बाई," कारकून पुन्हा म्हणाला.

फंडाच्या कचेरीत टेबलासमोर दोघी उभ्या होत्या. थोरली चांगुणाबाई, धाकटी तुळजाबाई आणि मधे तुळजाबाईची लेक बेबीनंदा. कडूबा जालन्यातल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि गेला. त्याचा फंड मिळायचा होता, पण वारस म्हणून त्यानं कोणाचंच नाव दिलेलं नव्हतं.

दिलं नव्हतं, कारण बिचाऱ्याला ते जमलंच नाही. टाइमकीपरनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "एकीचं टाकलं तर दुसरीला काय तोंड दाखवू, साहेब? राहू द्या तसंच." भला माणूस! दोघींना लुगडीसुद्धा एकाच रंगाची आणायचा. आणि जाताना निस्तरायचं सगळं दोघींवरच सोडून गेला.

चांगुणाबाईला मूल झालं नाही, म्हणून तिनंच आपली मावसबहीण नवऱ्याला करून दिली होती. धम्म घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी, बुद्धाच्या तसबिरीसमोर, सगळ्या वस्तीच्या देखत लग्न लागलं. कायद्याचं तिथं कोणाला ठाऊक होतं?

"पहिलीच बायको धरली जाते," कारकून समजावत होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं दोघींना बसायला बाकडं दिलं होतं, त्याच बसल्या नव्हत्या. "अर्धे थोरलीला, अर्धे मुलीला. पण धाकटीनं लिहून द्यायचं की, मी मयताची बायको नव्हते. नाहीतर कोर्टात जा. किती वर्षं लागतील, देव जाणे."

बेबीनंदाला औरंगाबादेत नर्सिंगला जागा मिळाली होती. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर ती जागा गेली.

"मंग मीच न्हाई म्हन्ते," चांगुणाबाई एकदम म्हणाली. "मला काय कराचंय आता? हिला लिवा बायको. माझा अंगठा घ्या जल्दी."

"तसं होत नाही, बाई."

"का न्हाई होत? इतके वर्सं एका चुलीवर खाल्लं आमी. शेवटचं पानी हिनं पाजलं त्यायला. आन् ही कोन न्हाई व्हय?"

तुळजाबाईनं तिचा हात धरला. "अक्का, बास. पोरीचं बघू."

"अगं पन तू..."

"माझं काय? घरात तर राहीनच ना मी."

कारकुनानं लिहायला घेतलं. "नवऱ्याचं नाव?" त्यानं चांगुणाबाईला विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि बेबीनंदाकडं पाहिलं. पोरीनं बापाचं नाव सांगितलं.

मग तुळजाबाईची पाळी आली.

"मयत इसमाचं नाव?"

सवयीनं बेबीनंदाच बोलायला लागली. तुळजाबाईनं तिला थांबवलं.

"राहू दे. मला घ्याला आता काय हरकत हाय?"

लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. माघारी बोलताना 'बेबीचे बाप', समोर नुसतं 'आवं'. तिला रडू येत होतं आणि कचेरीत रडायचं नव्हतं.

"कडूबा," ती म्हणाली. "कडूबा सर्जेराव."

चांगुणाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"जरा मोठ्यानं, बाई," कारकून मान न उचलता म्हणाला.

तुळजाबाईनं पुन्हा नाव घेतलं.