मरणाआधीचं पान

लेकीचं दप्तर उघडायचं नाही, असं तिने स्वतःला कितीदा बजावलं होतं. पण लेक सातवीत गेल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवशी शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या म्हणून दप्तर घरीच राहिलं, आणि झाडझूड करता करता तिने दप्तराची चेन ओढली. आतून एक निळी वही निघाली.

वहीत खेळ होता. लेक आणि तिच्या मैत्रिणी ज्या ॲनिमे मालिकांमागे वेड्या झाल्या होत्या, तसलाच. बंद शाळा, रोज एक फेरी, हरेल तो मरेल. फरक एवढाच, की खेळाडू वर्गातल्याच मुली होत्या. दोघी मेल्या होत्या आणि दोन्ही मरणं लेकीच्या टपोऱ्या अक्षरात होती. चष्मेवालीचं तर चांगली तीन पानं भरून.

चष्मेवाली म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, बालवाडीपासूनची मैत्रीण. आईने लगेच नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, कार्टूनच आहे ना ते, आणि लेक चारला येईलच, आधी तिला विचार तरी. चारला दोन तास होते. एवढा धीर तिला जन्मात कधी धरता आला नव्हता. तिने पानांचे फोटो काढून वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाकले. सोबत लिहिलं, की मुलं काय बघतात इकडे सगळ्यांनीच लक्ष द्यायला हवं. माझी मुलगी असं लिहिणारी नाही, कुणाच्या तरी नादाने झालंय. भराभर अंगठे आले. तिला जरा हलकं वाटलं.

लेक आली, टेबलावरची वही बघून बूट न काढताच उभी राहिली. ऐकून घेतलं सगळं. मग अगदी सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं, तिने आईला खेळाचा नियम सांगितला. कुणी कुणाला मारायचं नाही. जिला खेळातून बाहेर पडायचंय तिने आपलं मरण आपणच रचायचं. लेक फक्त कच्च्या कागदांवरून वहीत उतरवून काढायची.

"आणि मरायच्या आधी एक पान घराचं," लेक म्हणाली. "मालिकेत पण तसंच असतं. ज्याचं घर दाखवलं, तो त्याच भागात जातो. नाहीतर कुणाला रडू येणार? पण घराचं खरं लिहायचं, अशी अट होती. तू तेही पाठवलंस?"

तिने पाठवलं होतं. वाचलं मात्र नव्हतं. तिची नजर नुसतं रक्त शोधत पानांवरून धावली होती. आता तिने वही उघडली.

चष्मेवालीची आई संध्याकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडते, असं तिथे होतं. बाबा दुसरीकडे राहायला गेल्यापासून. चष्मेवाली बाहेर गणितं सोडवत नळ बंद व्हायची वाट बघते. खेळातल्या तिच्या शेवटच्या फेरीत ती आणि लेक, दोघींपैकी एकीसाठीच दार उघडणार होतं, तेव्हा ती लेकीला म्हणाली, तू जा, तुझी आई सारखी वाट बघत असते.

आईने ग्रुपवरचे फोटो काढून टाकले, पण तोवर तीसएक जणांनी बघून झालं होतं. ती तशीच चपला सरकवून निघाली.

दार चष्मेवालीच्या आईने उघडलं. औषधांच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आलेली, अंगावर अजून पांढरा कोट. माफीची वाक्यं लेकीच्या आईने वाटेत जुळवली होती. 

"मला वाटायचं, नळामुळे तिला ऐकू जात नाही," ती बाई म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग तिने आतल्या बंद दाराकडे मान वळवली. मुलगी बाहेर यायला तयार नव्हती; वही मैत्रिणीनेच दाखवली असं धरून बसली होती.

लेकीची आई त्या दारापाशी गेली. "तिने नाही दाखवली. मी दप्तर उघडलं. तिला न विचारता."

 मग आतून आवाज आला. "काकू, पाठवायच्या आधी तुम्ही वाचलं होतं?"

"नाही."

"मग बघितलंत काय?"

कोटातली बाई मागेच उभी होती. "माझ्या मुलीला कोण काय बोलेल," लेकीची आई दाराकडे बघत म्हणाली, "तेवढंच बघितलं."