ठोकलेलं माप

शनिवारी सकाळचं जेवण आटोपून आमचं सगळं सेरत्लांग गाव चर्चमध्ये लोटलं होतं. बाकांवर जागा नव्हती म्हणून माणसं खिडक्यांत बसली होती, आणि जी खिडकीतही मावली नाहीत ती बाहेर उभी राहून आतल्यांना "काय झालं, काय झालं" विचारत होती. आत वेदीपुढे संदेष्टा रोलुआहा उभा होता. त्याच्या हातात हातभर लांबीचा एक लाकडी क्रूस होता आणि त्या क्रुसाच्या टोकाला तांदळानं भरलेला पितळी चंबू अधांतरी लोंबत होता. दोरी नाही, कडी नाही. क्रूस तांदळात नुसता खुपसलेला.

"मी उचलत नाही, सेरत्लांगकरांनो," रोलुआहा म्हणाला. "मी फक्त धरलंय. उचलणारा वर आहे. माझ्या मनगटात चहाचा कप धरायचं बळ नाही. चाळीस दिवसांचा उपास झालाय."

चाळीस दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकच हनुवटी पुरायला हवी. त्याला दोन होत्या. पण चंबूवरची नजर काढून हनुवट्या मोजायला माझ्याखेरीज कोणी रिकामं नव्हतं. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. असल्या गोष्टी मोजायची खोड जात नाही.

या चंबूआधी त्यानं जे केलं होतं, त्यानं मात्र माझाही जीव वरखाली झाला होता. ते सांगायचं तर आमच्या मुठीची गोष्ट आधी सांगायला हवी.

आमच्याकडे भातासाठी तांदूळ मोजून घेतले, की चुलीवर ठेवण्याआधी बाई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. दिवसाची दोन जेवणं, दोन मुठी. आठवड्याला चर्चच्या बायका दारोदार जाऊन त्या मुठी गोळा करतात, विकतात, आणि त्यावर आमचे मिशनरी दूरच्या डोंगरांत तग धरतात. गोरे साहेब केव्हाच गेले. आता आपल्या देशात आपल्याच पोरांनी जायचं आणि मागे राहिलेल्यांनी आपल्या ताटातली मूठ द्यायची, अशी रीत आहे. सेरत्लांगच्या मुठीवर एक माणूस उभा आहे, बियाका. माझाच विद्यार्थी. अरुणाचलात, मोटाररस्त्यापासून दीड दिवसाच्या चालीवर तो शाळा चालवतो. अठ्ठावीस पोरं त्याच्या वसतिगृहात राहतात. माझ्या वर्गात तो भागाकारात गटांगळ्या खायचा, आणि आता त्या पोरांना भागाकार शिकवतो. मला त्याचा फार अभिमान आहे.

तर त्या सकाळी रोलुआहानं गोळा झालेल्या तांदळाचे दोन सारखे डबे मागून घेतले. एक बियाकाच्या नावाचा, दुसरा 'प्रार्थनाबुरुजा'च्या. हा बुरूज म्हणजे शेजारच्या टेकडीवर बांधायचं दुमजली घर, ज्यात राहून रोलुआहा आमच्यासाठी प्रार्थना करणार होता. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघरही होतं.

"मागच्या मंगळवारी मी स्वर्गातल्या कोठारात जाऊन आलो," तो म्हणाला. "प्रत्येक गावाचं तिथे पोतं आहे. सेरत्लांगचं पोतं मी उघडलं. रिकामं. मी विचारलं, प्रभू, ही माणसं तर रोज मूठ काढतात. प्रभू म्हणाला, ती मूठ परक्यांच्या पोटात जाते. माझ्यापर्यंत पोचत नाही."

मग त्यानं बियाकाचा डबा एका चंबूत ओतला, डोळे मिटले, क्रूस हळूच आत सरकवला, खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला आणि क्रूस वर ओढला. क्रूस मोकळाच वर आला. चंबू जागचा हलला नाही. चर्चभर बायकांनी 'च्च च्च' केलं.

त्यानंतर बुरुजाची पाळी. त्यानं ढोल वाजवायला सांगितला, गाणं धरायला सांगितलं, दुसरा चंबू छातीशी धरून नाचायला लागला. आमच्या चर्चमध्ये ढोलावर नाचणं काही नवं नाही, त्यामुळे निम्मं गाव त्याच्याबरोबर डोलत होतं. ढोलाच्या ठोक्याला तो चंबू जमिनीवर आपटायचा, परत उचलायचा. मग सात स्वर्गदूतांच्या नावानं सात वेळा क्रूस तांदळात भोसकला आणि सातव्या वेळी चंबूसकट वर उचलला.

"स्वीकारलं," तो म्हणाला. मग दुसऱ्या बाकाकडे वळला. "आणि ज्याचं नाकारलं, त्याच्या आईला सांगा. पुढच्या रविवारच्या आत मुलाला परत बोलवा. नाहीतर लोक त्याला खांद्यावर घालून आणतील."

दुसऱ्या बाकावर पी सियामी बसली होती, बियाकाची आई. मोठ्या बाईला आम्ही मानानं 'पी' म्हणतो. आधी ती क्रुसाकडे बघत होती, नंतर जमिनीकडे.

घरी येऊन मी पायातले बूट काढतो न काढतो तोच ती दारात. हातात फोन.

"सर, मंगळवारी बियाका बाजाराला उतरतो. तिथे फोन लागतो. मी सांगितलं तर 'आई, घाबरू नको' म्हणून हसेल. तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"सामान बांध आणि ये."

"आणि ती अठ्ठावीस पोरं?"

"त्यांना आया आहेत, सर. मला मुलगा एकच आहे."

तो गेला की शाळेला कुलूप लागणार हे तिला ठाऊक होतं. तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हेही ठाऊक होतं. मी तिला चहा दिला. तो तिनं तसाच निवू दिला.

तेवढ्यात दार न वाजवता पी चोंगी आत आली. गावातली मूठ गोळा करण्याचं काम तिच्याकडे आहे. तोंडात सुपारी, त्यामुळे राग अर्धा गिळलेला.

"सर, तो माणूस माप चोरतो."

माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला, कारण चोंगी आणि माप हा विषय गावाला पाठ आहे. तिचं म्हणणं, डबा भरताना जमिनीवर तीनदा ठोकावा, म्हणजे तांदूळ खाली बसतो आणि माप खरं होतं. वरच्या आळीच्या बायकांचं म्हणणं, देवाच्या नावानं दिलेलं दाबून-चेपून घेणं म्हणजे वाण्याची अक्कल. या भांडणापायी एकदा मंडळींची रीतसर सभा भरली आणि चर्चमध्ये माप ठोकू नये असा ठराव झाला. तेव्हापासून चोंगी ठरावाप्रमाणे सैल माप भरते आणि दर वेळी एक सुस्कारा टाकते.

"दोन्ही डबे मी माझ्या हातानं भरले," ती म्हणाली. "सैल. ठराव आहे ना. बियाकाचा डबा ओतला तर चंबू गळ्यापर्यंत भरला. बुरुजाचा ओतला, तोही गळ्यापर्यंत. मग हा नाचला, आणि नाचून झाल्यावर माझ्या गोळा केलेल्या तांदळातल्या आणखी दोन मुठी वरून टाकल्या. तुम्ही सगळे डोळे मिटून गात होता, मी तांदळाकडे बघत होते. दोन मुठींची जागा आली कुठून?"

"देवानं केली," पी सियामी हळूच म्हणाली.

"देवानं नाही गं, ठोकून केली. वीस वर्षं बोंबलतेय मी, ठोकलं की तांदूळ बसतो. बियाकाचा चंबू त्यानं एकदा तरी ठोकला का?"

माझ्या डोक्यात दिवा पेटला, आणि जरा लाजही वाटली. तीस वर्षं पोरांना घर्षण शिकवलं आणि ते डोळ्यांपुढे नाचून गेलं तेव्हा मी हनुवट्या मोजत बसलो होतो. बायकोची बांबूच्या कोंबांच्या लोणच्याची अरुंद तोंडाची बरणी रिकामी केली, धुतली, पुसली, त्यात तांदूळ ओतला, ठोकला आणि भाताच्या लाकडी कालथ्याचा दांडा आत खुपसून वर ओढला. बरणी दोन बोटं वर आली आणि आडवी झाली. तांदूळ घरभर पसरला, कोंबड्या आत आल्या. दुसऱ्यांदा तेच.

पी सियामी उठली. "सर, देवाच्या कामाची थट्टा नको," म्हणाली आणि निघून गेली.

तिसऱ्यांदा चोंगीनं बरणी माझ्या हातातून ओढून घेतली. "तुम्हाला ठोकताच येत नाही." तिनं ठोकलं, वरून मूठ टाकली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा ठोकलं. दांडा सात-आठ वेळा भोसकला, दर वेळी जरा जास्त जोर लावून. मग उचलला. बरणी कालथ्याला लोंबकळत वर आली.

"आता माझी बरणी फोडू नका," बायको म्हणाली. तिला चमत्काराचं काहीच वाटलं नाही.

रविवारी दुपारी पुन्हा चर्च भरलं. बुरुजाला मूठ द्यायची की बियाकाला, याचा निकाल त्या दिवशी व्हायचा होता. पाळकसाहेब दुसऱ्या गावांच्या फेरीवर, आणि मागे चर्चचा कारभार बघणारे मंडळीचे वडील स्वभावानं मवाळ. "सर, वाद नको," ते मला म्हणाले.

"वाद कसला? ढोल वाजवा म्हणतोय."

मी उभा राहिलो. "संदेष्टे, काल नाकारलेल्या तांदळाबद्दल देवाला पुन्हा एकदा विचारू या."

"स्वर्गात एकदा शिक्का बसला की बसला," रोलुआहा म्हणाला. "आणि माझ्या चंबूला कोणी हात लावायचा नाही. त्याला चाळीस दिवसांचं तेज आहे."

"आम्ही लोणच्याची बरणी आणलीय," चोंगी म्हणाली.

मी पी सियामीला पुढे बोलावलं. ती येईना. मग चोंगीनं तिला हात धरून आणलं, बियाकाचा तांदूळ तिच्याच हातानं बरणीत ओतायला लावला आणि कानात सांगितलं, ढोलाबरोबर ठोक. सियामीनं पहिले ठोके भीत भीत दिले. पुढे हात सुटला. चोंगी मुठी टाकत गेली, ती ठोकत गेली. मग घरून आणलेल्या कालथ्याचा दांडा भोसकला, एकदा, दोनदा, आठदा. आणि उचलला.

बरणी वर आली. बियाकाचा नाकारलेला तांदूळ त्याच्या आईच्या हातात लोंबत होता.

चर्चमध्ये एकच गलका झाला. "स्वीकारला, स्वीकारला," बायका रडायला लागल्या. आणि रोलुआहा पाण्यातल्या माशासारखा वळला. "मी पहाटेपासून याच्यासाठीच झटत होतो," तो म्हणाला. "माझ्या विनवणीनं शिक्का फिरला."

लोकांनी माना डोलावल्या. मी डोक्याला हात लावला. एक चमत्कार मोडायला गेलो आणि दुसरा उभा केला.

सुदैवानं बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनं बाकाखालून एक डबा पुढे सरकवला. मी बरणी रिकामी केली आणि तो डबा तिच्यात ओतला.

"हा कुणाचा तांदूळ?" मंडळीच्या वडिलांनी विचारलं.

"आमच्या डुकराचा. किडका आहे."

ठोकला, दाबला, भोसकला, उचलला. बरणी वर आली, डौलात.

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "डुकराचंही स्वर्गात पोतं आहे वाटतं." आणि सगळं चर्च हसलं. चाळीस वर्षांत उपासनेच्या जागी असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"सैतानसुद्धा चमत्कार करतो," रोलुआहा म्हणाला, पण आवाज बसला होता.

"मग तुम्ही देवाचा करा," मी म्हणालो. "हा तुमचा चंबू, हा तुमचा क्रूस. न ठोकता, न नाचता उचला."

त्याच्यातला आत्मा दुखावला होता म्हणे. दोन्ही चंबू बगलेत मारून तो जीपच्या थांब्याकडे गेला.

मी सगळ्यांना पुढे बोलावलं. "सैल तांदळात दाण्यांमध्ये फटी असतात," मी सांगितलं. "ठोकलं की त्या भरतात. मग दांडा खुपसला की दाण्यांना सरकायला जागा राहत नाही. वर भांड्याचा गळा अरुंद, तिथूनही सुटका नाही. म्हणून ते चहूबाजूंनी दांड्याला घट्ट धरतात. जीपच्या मागच्या सीटवर सहा जण कोंबले की मधल्याला कशाला धरावं लागत नाही, तसंच. बियाकाचा तांदूळ त्यानं ठोकलाच नाही, म्हणून क्रूस मोकळा निघाला. देवाचा यात काही संबंध नाही. देवावर विश्वास ठेवा, मीही ठेवतो. पण देवाच्या नावानं कोणी काही दाखवलं, तर ते आपल्या हातानं करून बघा. त्यात पाप नाही."

लहान-थोर सगळ्यांनी बरणी उचलून पाहिली. चोंगीनं प्रत्येकाला ठोकायचं शिकवलं. माप न ठोकण्याचा तो ठराव त्याच संध्याकाळी रद्द झाला, आणि मूठ बियाकाकडेच जात राहिली.

चर्च रिकामं झालं तेव्हा पी सियामी माझ्याजवळ आली.

"सर, म्हणजे माझा मुलगा सुखरूप राहील?"

"ते मला माहीत नाही. बरणीलाही माहीत नाही. आणि रोलुआहालाही नव्हतं."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "खरं सांगू? तो 'परत बोलवा' म्हणाला तेव्हा मी घाबरले, पण आतून बरंही वाटलं. पाच वर्षं झाली, त्याला जेवताना पाहिलं नाही. मी आपण होऊन 'ये' म्हणाले असते तर गावानं नावं ठेवली असती. देवच म्हणतोय म्हटल्यावर माझ्याकडे दोष येत नव्हता."

मला तेव्हा त्या रोलुआहाचा खरा राग आला. तांदूळ नेला असता तर पुन्हा पिकला असता. त्यानं एका आईचं दुखणं नेमकं हेरलं होतं आणि त्यावर बोट ठेवून घर बांधायला निघाला होता.

मंगळवारी आम्ही फोन लावला. बाजाराच्या गोंगाटात बियाकाचा आवाज आला. तो बरा होता. ताप येऊन गेला होता, आता उतरला होता. आईनं तापाचे दिवस विचारले, औषध विचारलं, जेवतोस काय ते विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. मग तोच म्हणाला, "आई, तुला वाटत असेल तर मी येतो."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येऊ नकोस," ती म्हणाली. "पोरांना सोडून कुठे येतोस? मीच येते. रस्ता सांग."

पंधरा दिवसांनी ती निघाली, गुडघ्यांना पट्ट्या बांधून. ती आता तिथे अठ्ठावीस पोरांचा भात रांधते, आणि रोज आपल्या मुलाला जेवताना बघते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात कोणी हवेत काही उचलून दाखवलं, तर त्याला म्हणा, जरा बाजूला हो, आता मी उचलून बघतो. आणि दूर गेलेल्या आपल्या माणसाची काळजी वाटत असेल, तर ती चंबूला विचारू नका, क्रुसाला विचारू नका, संदेष्ट्याला तर मुळीच नको. त्यालाच फोन करा.