पान तेवीसवरची रांग

मल्लम्माची भाची चन्नी पुस्तकात गेली ती परत आलीच नाही. पण ते राहू द्या. तसं काही घडलेलंच नाही, असं धरून ऐका.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा वाटणीत पाऊस बहुतेक जुन्या जिल्ह्याकडं गेला. नव्या जिल्ह्याला मात्र तिसरीचं नवं पुस्तक पाहिजे होतं. चित्रं मल्लम्माकडं आली. वीस वर्षं ती पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढत आली होती, आणि तिचा नेम एकच, समोर असल्याशिवाय काढायचं नाही. शेळी काढायची तर शेळी माजघरात. शेळीनं चित्राचा कोपरा खाल्ला, तर कोपऱ्याविनाच छापायला.

पान तेवीसवरच्या पाण्याच्या पाठासाठी तिनं गल्लीत आलेला टँकर काढला आणि त्याच्यापुढं, कमरेवर घागर घेतलेली, चन्नी. आठ वर्षांची ही पोर आई गेल्यापासून मावशीकडंच होती.

जिल्ह्याच्या कचेरीत पुस्तकाचं काम बघणाऱ्या किशनरावांनी चित्र पाहिलं आणि नव्या जिल्ह्याची अब्रू घालवता का, असं विचारलं. पोरगी गोड आहे, राहू द्या, टँकर खोडा. मल्लम्मानं टँकरवर पांढरा रंग फिरवला.

सकाळी चन्नीचं अंथरूण मोकळं होतं. शेजारच्या सरजाबाईनं कोण चन्नी म्हणून विचारलं आणि भाकरी थापायला लागली.

चित्रात घागर आता खाली ठेवलेली होती. चन्नी तिच्याशेजारी उकिडवी बसली होती. मल्लम्मानं कागदाला तोंड लावलं.

"चन्ने, घरी चल."

"न्हाई मावशी. नंबर जाईल."

"अगं, रांगेत तू एकटीच हायस."



"एकटी कुठं? माझ्या मागं लई हायत."

मल्लम्मानं नेम मोडला. आठवणीतून टँकर काढला, चांगला फुगीर. कागदाच्या आतून टाकीवर थाप मारल्याचा पोकळ आवाज आला.

"मावशी, कोरडा हाय ह्यो."

ती किशनरावांकडं धावली. त्यांनी चष्मा पुसला, लेखी द्या म्हणाले. तिनं दिलं:

"विषय: चित्राकरिता टँकर मिळणेबाबत. अर्जदाराच्या दारात काठोकाठ भरलेला एक टँकर चार तास उभा करण्यात यावा. सदर चार तासांत गल्लीतील कोणीही त्यातून तांब्याभरही पाणी घेऊ नये, अशी सक्त ताकीद द्यावी. कारण जेवढं जाईल तेवढं चित्रात कमी पडेल, आणि मुलीच्या मागं किती जण उभे आहेत, याची अर्जदारास कल्पना नाही. ही नम्र विनंती."