रवणकाची व्युत्पत्ती

आमचे अण्णा पाताळातल्या एका राक्षसामुळे ओळखले जातात. पेशाने ते भूगोलाचे मास्तर, पण तीस वर्षांपूर्वी निघालेल्या पुराणकोशात 'रवणक' ही नोंद त्यांनी लिहिली, आणि तेव्हापासून आमच्या तिघांच्या घरात चौथा तोच आहे. सकाळी अण्णा गुळण्या करायला लागले की आई म्हणते, "उठला रवणक."

नोंद जेमतेम पाऊण पानाची. एका जुन्या पोथीत अण्णांना ओळ सापडली होती : 'पाताळीं रवणक राहे, मुखें माती वाहे.' त्यावरून त्यांनी ठरवलं की 'रव' म्हणजे आवाज, म्हणून रवणक म्हणजे जमिनीखाली गर्जना करणारा, आणि भूकंपाआधी घरघर ऐकू येते ती त्याचीच. गर्जना करणारा राक्षस तोंडाने माती कशाला वाहील, ही अडचण त्यांनी तळटीपेत उरकली होती. म्हणे, त्याच्या आवाजाने माती घरंगळते. आयुष्यात अण्णांचं छापून आलेलं लिखाण एवढंच. त्यामुळे पाहुण्याने पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत कोश त्याच्या मांडीवर येतो, आणि पाहुणाही मुकाट्याने वाचतो.

मी त्याच कोशाच्या कचेरीत मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं काम. अण्णांच्या मते स्वभावही. दुसरी आवृत्ती छापायला चालली होती आणि या खेपेला नोंदीशेजारी मूळ पोथीचं छायाचित्र येणार होतं. मंगळवारी सकाळी रवणकाचं पान माझ्या टेबलावर आलं. घरचंच पान, म्हणून मी ते जरा लाडाने बघायला घेतलं.

जुन्या हस्ताक्षरात 'ख'चे दोन भाग सुटे लिहीत. नीट पाहिलं नाही तर तो 'रव' वाटतो. 'मुखें' हा शब्द अण्णांनी बरोबर वाचला होता, कारण 'मुरवें'ला काही अर्थच नाही. पण त्याच ओळीत, दोन बोटं अलीकडे, तेच अक्षर होतं, त्याच वळणाचं. म्हणजे रवणक नव्हताच. खणक होता. खणणारा. तोंडाने माती वाहणारच बिचारा, त्याचा तो धंदाच.

संपादकांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ओळ दोनदा वाचली.

"चार वाजता पान छपाईला जातंय," ते म्हणाले. "दुरुस्त तरी करा, नाहीतर नोंद गाळा. पण खाली नाव तुमच्या वडिलांचं आहे, त्यांना विचारून या."

वाटेत एकदा मनात आलं की गप्प बसावं. तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, अजून तीस येणार नाही. म्हाताऱ्या माणसाचं एवढं एकच पाऊण पान, तेही मीच पुसायचं, याचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा जेवणं उरकली होती. अण्णांपुढे मी छायाचित्र ठेवलं आणि दोन्ही 'ख'वर पेन्सिलीने टिंब केलं. त्यांनी भिंग आणलं, एकदा पाहिलं, भिंग धोतराला पुसून पुन्हा पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला वाटायचंच," आई टेबल पुसत म्हणाली. "तोंडात माती धरून कुणी ओरडेल कसं?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकत होतात कुठे. गर्जना चालू होती."

अण्णांना हसू आलं नाही. "मान खाली घालून खणणारा साधा प्राणी," ते हळूच म्हणाले. "त्याला मी तीस वर्षं बोंबलायला लावलं."

"अण्णा, नोंद गाळून टाकू आपण," मी म्हटलं. "कुणाला कळायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत नकाशात नदी उलटी वाहवली होती. मग पेन घेतलं. 'खणक'ची नवी नोंद चार ओळींत झाली, तळटीप न लागता. ती माझ्याकडे सरकवून त्यांनी दुसरा कागद ओढला.

"आता काय?"

"जुनी आवृत्ती वाचलेले लोक रवणकाला शोधत येतील. त्यांना काय सांगायचं, घरात नाही?"

अर्धा तास ते लिहीत आणि खोडत होते. आईने दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. शेवटी कागद माझ्या हातात आला :

'रवणक : कोणत्याही पुराणात नसलेला राक्षस. नावाचा उगम : 'ख' नीट न वाचणे. अर्थ : नाही. निवास : या कोशाची पहिली आवृत्ती. पिता : प्रस्तुत नोंदीचा लेखक. वध : लेखकाच्या कन्येच्या हातून, मुद्रिते तपासताना.'

शेवटची ओळ मला धड वाचता येईना. डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं.

"अण्णा, हे वधाचं काढा ना. माझ्याच्याने नाही बघवत."

"राक्षस कुणी मारला हे कोशात द्यावंच लागतं," अण्णा पेनाला टोपण लावत म्हणाले. "आणि माझ्या मुलीने मारला, असं छापून येणार म्हटल्यावर मी ते सोडतोय होय?"